इंदूरहून पुण्यात कायमचं यायचंय: कोणती कागदपत्रं आधी, कोणती नंतर?

इंदुरी_पोहे

जूनच्या पहिल्या आठवड्यात इंदूरहून पुण्यात बिऱ्हाड हलवतो आहोत. नोकरी हिंजवडीला. घरात आम्ही नवरा-बायको आणि मुलगी, ती यंदा सहावीत जाईल. दोन फ्लॅट पसंत पडलेत, एक वाकडला आणि एक कोथरूडला. भाडं दोन्हीकडे २८,०००, डिपॉझिट १ लाख. वाकडचे मालक म्हणतात, "५०० च्या स्टॅम्पवर ११ महिन्यांचा करार करू, नोटरी करून घेऊ, नोंदणीची काही गरज नाही." इंदूरला सगळे असंच करतात, पण इथे चालतं का?

बाकी प्रश्न असे: एमपी-०९ नंबरची २०२१ ची पेट्रोल गाडी आहे, कर्जाचे दीड वर्षाचे हप्ते बाकी आहेत. नंबर लगेच बदलावा लागतो का? आधार, मतदार यादी, गॅस, मुलीचा दाखला यांतलं काय इंदूर सोडायच्या आधी उरकायचं आणि काय पुण्यात आल्यावर?

दस्त_नोंदणी

आधी लगीन कोंडाण्याचं. तुमच्यासाठी कोंडाणा म्हणजे नोंदणीकृत भाडेकरार. आधार, बँक, गॅस, गाडी, सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून हाच कागद लागणार आहे.

नोटरीवाला करार महाराष्ट्रात चालत नाही. ११ महिन्यांची पळवाट देशाच्या नोंदणी कायद्यातून आली. त्यात एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार इथे लिव्ह अँड लायसन्स करार (घर भाड्याने देताना इथे हाच करतात) लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मुदत ११ महिने असो की ३६. नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्यात कसूर केली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरलं जातं. खोडून काढायचं असेल तर मालकाने सिद्ध करायचं. मालकाला हे वाक्य नीट समजावून सांगा, बहुतेक वेळा तेवढ्यावरच गाडी रुळावर येते. नोंदलेल्या कराराची मुदत संपल्यावर घर परत मिळवायला त्यांना सक्षम प्राधिकाऱ्याकडे जलद दाद मागता येते, नोटरीच्या कागदावर ती सोयही त्यांना नाही.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. एकूण रक्कम म्हणजे मुदतीचं सगळं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज. तुमचं गणित: २८,००० गुणिले ११ म्हणजे ३,०८,०००. एक लाखावर ११ महिन्यांचं व्याज सुमारे ९,१६७. बेरीज ३,१७,१६७, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साधारण ७९३ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. थोडं हाताळणी शुल्क आणि घरी येणाऱ्या एजंटची मजुरी वेगळी. एजंट आकडा सांगेल तेव्हा सरकारी शुल्क किती आणि त्याचे स्वतःचे किती, हे वेगवेगळं विचारा. हा खर्च कोणी करायचा ते आपसात ठरतं. पुण्यात बहुधा निम्मा-निम्मा करतात.

नोंदणी ऑनलाइन होते. एजंट अंगठ्याचं यंत्र आणि कॅमेरा घेऊन घरी येतो, मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचे अंगठे आधारशी ताडले जातात. घोडं नेमकं इथे अडतं. वयस्कर मालकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, ठसा जुळत नाही, मग तारखांवर तारखा पडतात. म्हणून सामान हलवायच्या आठवडाभर आधीच अंगठे उरकून घ्या.

मसुदा वाचताना दोन गोष्टी विसरू नका. एक, भाडेकरू म्हणून नवरा-बायको दोघांचीही नावं घाला, शुल्क तेवढंच लागतं. नाव एकाचंच असेल तर दुसऱ्याच्या आधारसाठी वेगळी खटपट करावी लागते. दोन, नावांचं स्पेलिंग आधारवर जसं आहे तसंच्या तसं, आणि फ्लॅटचा पत्ता वीजबिलावर आहे तसा. अटींमध्ये लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) किती महिन्यांचं, नोटीस किती दिवसांची, मेंटेनन्स कोण भरणार आणि निघताना रंगकामाचे पैसे कापणार का, हे आकड्यांत लिहून घ्या. "रंगकाम प्रथेप्रमाणे" असं लिहिलेलं दिसलं तर तिथेच थांबवा. निघायच्या दिवशी सगळ्यात जास्त भांडणं त्या दोन शब्दांवरून होतात.

टोकन देण्यापूर्वी फ्लॅटची सूची २ (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), चालू वीजबिल आणि मिळकतकराची पावती मागा. तिन्हीवर एकच नाव हवं.

वाकडवस्ती

वाकड की कोथरूड हे फक्त ऑफिसच्या अंतरावरून ठरवू नका. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतं, कोथरूड पुणे महापालिकेत. पोलीस आयुक्तालयंही वेगळी आहेत (पिंपरी-चिंचवडचं २०१८ मध्ये वेगळं झालं), आरटीओही वेगळं. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचा फॉर्म ऑनलाइन भरता येतो, पण तो त्या त्या आयुक्तालयाच्या संकेतस्थळावरच भरायचा. वाकडचा फॉर्म पुणे शहराकडे भरून ठेवणारे पुष्कळ असतात. ही माहिती देण्याचं काम मालकाचं. करार, दोघांचे फोटो, ओळखपत्रं आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोन जणांची नावं तयार ठेवा.

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी आहे. वाकडच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये उन्हाळ्यात टँकर येतात, त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये आहे की वेगळा वाटून घेतात हे आधी विचारा.

सोसायटीबद्दल: भाडेकरूकडून "मूव्ह-इन चार्जेस" किंवा देणगी मागायला सहकार कायद्यात आधार नाही. मालकाकडून बिनभोगवटा शुल्क (स्वतः न राहता घर भाड्याने दिल्याबद्दलचं) घेता येतं, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, आणि महापालिकेचे कर त्या सेवाशुल्कात धरायचे नाहीत. पण पुण्यातल्या बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट कायद्याखालच्या असतात, त्यांना हा नियम लागत नाही. आधी नावाची पाटी नीट वाचा.

गॅसचं मात्र इंदूर सोडण्यापूर्वीच करायचं. सिलिंडर दुसऱ्या शहरात नेता येत नाही. जुन्या एजन्सीत सिलिंडर, रेग्युलेटर आणि पासबुक जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं. डिपॉझिट तुमच्या जुन्या व्हाउचरवर असेल तेवढंच परत मिळतं. दहा वर्षांपूर्वीचं कनेक्शन असेल तर आता नवं घेताना भरायच्या रकमेच्या मानाने फारच कमी. सध्या १४.२ किलोच्या सिलिंडरला २,२०० आणि रेग्युलेटरला २५० रुपये डिपॉझिट आहे. सिलिंडरमध्ये उरलेल्या गॅसचे पैसे मिळत नाहीत, तेव्हा शेवटचं बुकिंग हिशोबाने करा. शेगडी तुमची, ती जमा करायची नाही.

मतदार यादीसाठी फॉर्म ६ भरा, ऑनलाइन होतो.

दस्त_नोंदणी

@वाकडवस्ती, फॉर्म ६ नाही, ८. फॉर्म ६ पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात गेलं की ६ भरायला लागायचा, २०२२ च्या बदलानंतर स्थलांतरासाठी ८ च भरायचा, मग राज्य बदललं तरी. ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो, इंदूरचं नाव निघतं. फॉर्म ६ भरला तर नाव दोन्हीकडे राहतं. दोन मतदारसंघांत नाव असणं कायद्याने चालत नाही आणि फॉर्ममधलं खोटं निवेदन हा गुन्हाही आहे.

कोथरूडच्या फ्लॅटबद्दल एक सांगायचं राहिलं. पुणे महापालिकेत मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. भाडेकरू दिसला की ती जाते. मालक नोंदणीला कां कूं करतो त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. तो वाढीव कर तुमच्या भाड्यात घालायचा की नाही ही घासाघीस मोकळेपणाने करा, पण करार नोंदवूनच.

चाकावर

गाडीचं सांगतो. नंबर लगेच बदलावा लागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात राहिली तर त्या राज्याचा नंबर घ्यायचा. पत्ता बदलल्याचं कळवायचं ३० दिवसांत, ते कलम ४९. रस्त्यात अडवलं तर गाडी कधी आली याचा पुरावा विचारतात, म्हणून फास्टॅगच्या टोलनोंदी, रुजू झाल्याचं पत्र आणि भाडेकराराची प्रत गाडीत ठेवा.

वर्षाच्या आत काम संपवायचं तर पहिलं पाऊल इंदूरच्या आरटीओतून एनओसी (ना-हरकत पत्र), म्हणजे फॉर्म २८. त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा लागतो, प्रती एकापेक्षा जास्त लागतात. विमा आणि पीयूसी चालू हवेत, सगळी चलानं भरलेली हवीत. एक ५०० चं जुनं चलान बाकी असलं तरी अर्ज पुढे सरकत नाही. कर्ज असल्याने बँकेची एनओसीही लागेल, तीही "महाराष्ट्रात नोंदणी हस्तांतरित करण्यास हरकत नाही" अशा स्पष्ट शब्दांत. बँका सवयीने कर्जफेडीचं पत्र देतात, ते इथे चालत नाही. हे पत्र मिळायला पंधरा दिवस तरी धरा, म्हणजे मेमध्येच अर्ज टाका.

एनओसीवर कुठल्या आरटीओला गाडी जाणार ते लिहिलेलं असतं. घर वाकडला असेल तर एमएच-१४, मोशीचं कार्यालय. कोथरूड असेल तर एमएच-१२, संगम पुलाजवळ. घर पक्कं होण्यापूर्वी एनओसी काढू नका, नाहीतर चुकीच्या आरटीओचं नाव दुरुस्त करायला पुन्हा इंदूर गाठावं लागेल.

इथे आल्यावर फॉर्म २७, पत्त्याचा पुरावा, मूळ आरसी, बँकेचं पत्र, आणि गाडी तपासणीला न्यायची. मग रोड टॅक्स. महाराष्ट्रात नव्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत किमतीच्या ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२, त्यावर १३. तुमची २०२१ ची असल्याने मूळ इन्व्हॉइसवरून आकारणी होईल आणि गाडीच्या वयाप्रमाणे रक्कम कमी होईल. मूळ इन्व्हॉइसची प्रत आणि मध्य प्रदेशात टॅक्स भरल्याची पावती इंदूरमधून निघतानाच बरोबर घ्या. पावती दुसऱ्या कामालाही लागते: तिथे एकरकमी भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो, पण महाराष्ट्राचं आरसी हातात आल्यानंतरच. म्हणजे आधी इथे पूर्ण भरा, मग तिथून मागा. परतावा चिकाटीने मागे लागलं तरच मिळतो. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

नंबर बदलला की तीन गोष्टी लगोलग करा. नवी एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरपाटी. विम्याच्या पॉलिसीवर नव्या नंबरची नोंद. ती राहिली आणि अपघात झाला तर दाव्यात कंपनीच्या हातात आयतं कारण. आणि फास्टॅग नव्या नंबरशी जोडणं. विम्याचा हप्ता थोडा वाढेल, कारण खासगी गाड्यांच्या विम्यात पुणे अ क्षेत्रात आहे, इंदूर ब मध्ये.

दोन-तीन वर्षांत पुन्हा बदलीची शक्यता असेल तर बीएच मालिकेचा (राज्य बदललं तरी न बदलणाऱ्या "भारत" नंबरचा) विचार करा. तुमच्या कंपनीची चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असतील तर खासगी नोकरदारालाही मिळते, फॉर्म ६० वर कंपनीचं प्रमाणपत्र लागतं. जुन्या नंबरवरून बीएचमध्ये जाण्याची सोय डिसेंबर २०२२ च्या बदलापासून आहे. यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा.

लायसन्स देशभर चालतं. पत्ता सवडीने बदला.

इंदुरी_पोहे

सगळ्यांचे आभार, बरंच स्पष्ट झालं. कोथरूडचा फ्लॅट घ्यायचं मनात आहे, पण मालक दुबईला असतात असं आज कळलं. करार त्यांचे भाऊ करतील म्हणतात आणि भाडंही भावाच्या खात्यात टाका म्हणतात. यात काही गोम आहे का? मुलीच्या शाळेचंही कोणी सांगा.

दस्त_नोंदणी

गोम एक नाही, दोन आहेत.

पहिली, भावाची सही चालायला कुलमुखत्यारपत्र हवं. ते दुबईत केलेलं असेल तर तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित केलेलं असावं, आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरलेलं असावं. त्यात भाड्याने देण्याचा आणि करार नोंदवण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला आहे का ते वाचा. बँकेच्या किंवा विक्रीच्या कामासाठी दिलेल्या पत्रात तो नसतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर विसंबू नका, मूळ कागद पाहा.

दुसरी जास्त महागात पडणारी. मालक अनिवासी असेल तर भाड्यातून टीडीएस कापायची जबाबदारी तुमची. निवासी मालकाला महिना ५०,००० च्या वर भाडं असेल तरच तुमच्यासारख्या पगारदाराला कापावा लागतो. अनिवासी मालकाला अशी मर्यादा नाही, पहिल्या रुपयापासून ३० टक्के अधिक ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. २८,००० वर महिन्याला ८,७३६. त्यासाठी तुम्हाला टॅन (कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक) काढावा लागेल, दर महिन्याला भरणा आणि दर तिमाहीला विवरण. पैसे भावाच्या खात्यात टाकल्याने सुटका होत नाही, उत्पन्न मालकाचंच. कापला नाही तर ती रक्कम व्याजासकट तुमच्याकडून वसूल होऊ शकते. मालकाने आयकर विभागाकडून कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र आणलं तर ओझं कमी होतं, पण तो अर्ज त्यांनी करायचा. हे सगळं झेपणार नसेल तर सरळ वाकड घ्या.

शिकवणी

मुलीचा दाखला इंदूरच्या शाळेतून घेताना त्यावर तिथल्या जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊन या. परराज्यातल्या दाखल्यावर इथल्या शाळा ती मागतात, आणि त्यासाठी परत जाणं म्हणजे दोन दिवसांची रजा. दाखल्याबरोबर शाळेकडून तिचा पेन, म्हणजे यू-डायसवरचा (शाळांच्या सरकारी नोंदींच्या पोर्टलवरचा) ११ अंकी विद्यार्थी क्रमांक लिहून घ्या आणि पोर्टलवरून तिला "सोडलं" आहे का ते शाळेतच बसून पाहा. कागदी दाखला मिळतो, पोर्टलवर मात्र मुलगी जुन्याच शाळेत राहते, आणि नव्या शाळेला तिची नोंद ओढून घेता येत नाही. मे महिन्यात कारकून सुट्टीवर असतात, एप्रिलमध्येच उरका.

मराठी विषय २०२० च्या कायद्याने इथे सक्तीचा आहे, सीबीएसई आणि आयसीएसई शाळांनाही. घरी मराठी बोलत असाल तरी तिने आजवर लिहिलेलं नसेल. सहावीच्या पुस्तकात जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घाची सवय गृहीत असते, दोन महिने शुद्धलेखन करून घ्या.

अधिवास प्रमाणपत्राला १५ वर्षांचं वास्तव्य लागतं, ते इतक्यात मिळणार नाही. पुढे राज्याच्या कोट्यातल्या प्रवेशांना दहावी-बारावी कुठून झाली याला महत्त्व येतं, त्या दृष्टीने सहावीत येणं बरंच. जातीचा दाखला लागणार असेल तर मध्य प्रदेशचा इथे राज्याच्या आरक्षणाला चालत नाही. पूर्वज ठरावीक तारखेआधी महाराष्ट्रात राहत असल्याचे पुरावे लागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. माळव्यातल्या मराठी घराण्यांची इथे फार पंचाईत होते. आजोबा-पणजोबांच्या गावचे कागद असतील तर जपून ठेवा.

इंदुरी_पोहे

दुबईचं प्रकरण नको, वाकडच घेतो. तिथल्या मालकांना कलम ५५ सांगितलं, नोंदणीला तयार झाले. आधारचं आता एकदा सांगा. आणि त्या इमारतीत पाइप गॅस आहे, मग सिलिंडरचं काय करायचं?

वाकडवस्ती

आधारचा पत्ता घरबसल्या बदलतो, ७५ रुपये. कराराची सगळी पानं आणि सूची २ एकाच पीडीएफमध्ये, फाइल २ एमबीच्या आत. फक्त पहिलं पान चढवलं तर अर्ज परत येतो. ओटीपी आधारशी जोडलेल्या नंबरवर येतो, तेव्हा इंदूरचं सिम बंद करू नका. तुमचं आणि बायकोचं करारावरून होईल. मुलीचं कुटुंबप्रमुखाच्या संमतीने करा: आधी तुमचा पत्ता बदलू द्या, मग तिचा अर्ज, मग तुमच्या आधार खात्यात येणारी विनंती ३० दिवसांत मंजूर करायची. उलट क्रमाने केलं तर मुलगी पुन्हा इंदूरच्याच पत्त्यावर.

पाइप गॅस मालकाच्या नावावर असेल तर करारात ग्राहक क्रमांक आणि ताबा घेतल्या दिवशीचं रीडिंग लिहा, मीटरचा फोटोही काढा. विजेचंही तसंच. महावितरणचा १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकून थकबाकी बघता येते. सिलिंडर इंदूरला जमा करून व्हाउचर जपून ठेवा, पुढे घर बदललं तर लागेल.

तुमची शेगडी मात्र सिलिंडरची आहे, पाइप गॅसवर तशीच लावली तर ज्योत मिणमिणती राहील. पाइपमधल्या गॅसचा दाब कमी असतो, त्याला मोठ्या भोकाचे जेट लागतात. कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्या आणि जुने जेट पुडीत बांधून ठेवा. उद्या परत सिलिंडरवर गेलात आणि मोठेच जेट राहिले तर ज्योत भांड्याबाहेर येते.

चाकावर

वाकड ठरलं असेल तर एनओसीच्या अर्जात एमएच-१४ लिहा. आणि बँकेच्या पत्रावरही तेच आरटीओ येईल असं पाहा, दोन्हीकडे वेगळं असलं की खिडकीवरून परत पाठवतात.